भारताची मालवाहू बंदरं, पश्चिम किनारा आणि पूर्व किनारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला दोन प्रकारची माणसं पाठवतात. एक स्पर्धा परीक्षावाले, त्यांना फक्त आकडा हवा असतो. दुसरे पहिल्यांदाच माल बाहेर पाठवणारे, त्यांना धाकधूक असते की आपला कंटेनर नक्की कुठे जाणार. दोघांना तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून एकत्र केलंय. मी न्हावा शेवाच्या आसपास कागदपत्रांचं काम करतो, त्यामुळे पश्चिम किनाऱ्याला झुकतं माप मिळेल, सांभाळून घ्या.

१. भारतात मोठी बंदरं नेमकी किती? कुठे १२ लिहिलंय, कुठे १३.

चालू असलेली १२. पश्चिमेला उत्तरेकडून खाली या: कांडला (आता दीनदयाळ), मुंबई, न्हावा शेवा म्हणजे जेएनपीए (जवाहरलाल नेहरू पोर्ट अथॉरिटी), गोव्यातलं मुरगाव, न्यू मंगलोर आणि कोचीन. मग कन्याकुमारीला वळसा घालून पूर्वेला वर चढा: तूतुकुडी (व्ही. ओ. चिदंबरनार), चेन्नई, एन्नोर (कामराजर), विशाखापट्टणम, पारादीप आणि कोलकाता. हल्दिया वेगळं मोजायचं नाही, ते कोलकात्याच्याच पोटात येतं. १३ चा घोळ असा की मधल्या काळात पोर्ट ब्लेअरला मेजर म्हटलं जायचं म्हणून जुन्या पुस्तकांत १३ आहे, आणि आता वाढवण धरून परत १३ म्हणायला लागलेत, पण ते अजून बांधून व्हायचंय (प्रश्न १० बघा). पेपरात "कार्यरत" हा शब्द आहे का ते आधी वाचा, निम्मे मार्क तिथेच जातात.

२. मेजर पोर्ट म्हणजे आकाराने मोठं, बरोबर ना?

नाही! सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मेजर हा कायद्यातला शब्द आहे, जे बंदर केंद्र सरकारच्या अखत्यारीत ते मेजर. जे राज्याच्या अखत्यारीत, म्हणजे गुजरात मेरिटाईम बोर्ड, महाराष्ट्र मेरिटाईम बोर्ड वगैरे, ते नॉन-मेजर, मग त्याचा पसारा कितीही असो. म्हणून देशातलं सगळ्यात जास्त माल हाताळणारं मुंद्रा कागदावर नॉन-मेजर आहे आणि त्याच्या कितीतरी कमी माल हाताळणारं मुरगाव मेजर आहे. मराठीत आपण "मोठी बंदरं आणि लहान बंदरं" असं भाषांतर करून ठेवलंय आणि पिढ्यानपिढ्या मुलं त्याच्यात अडकतात.

३. मग एक नंबरचं बंदर कोणतं?

कशात एक नंबर ते सांगा. सगळी बंदरं धरली तर मुंद्रा, २०२४-२५ मध्ये त्यांनी एका वर्षात २० कोटी टनांचा टप्पा पार केला. फक्त मेजर बंदरांमध्ये टनांच्या हिशोबात पारादीप आणि कांडला यांची चुरस आहे, बरीच वर्षं कांडला पुढे होतं, २०२३-२४ ला पारादीपने मागे टाकलं, आणि २०२४-२५ ला दोघंही १५ कोटी टनांच्या किंचित वर, पारादीप केसभर पुढे. कंटेनरमध्ये मात्र मेजरपैकी न्हावा शेवाच, २०२४-२५ ला ७३ लाख टीईयूच्या आसपास. टन आणि टीईयूची तुलना करायची नाही, का ते पुढच्या उत्तरात.

४. टीईयू म्हणजे काय आणि काही बंदरं टनात, काही टीईयूत का मोजतात?

२० फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, ४० फुटी म्हणजे दोन. रिकामा डबा आला तरी तो मोजला जातो. कोळसा, कच्चं तेल, लोहखनिज, खत हा माल डब्यात येत नाही, सुटा किंवा पाईपने येतो, म्हणून तो टनात. त्यामुळे कोळशावर चालणारं पारादीप टनात राजा आणि डब्यांत जवळपास कुठेच नाही, आणि न्हावा शेवाला उलट. कोणी नुसतं "सगळ्यात बिझी बंदर" म्हणालं की मी विचारतो, डबे की ढीग?

५. पश्चिम आणि पूर्व किनाऱ्याच्या बंदरांत खरा फरक काय आहे? पुस्तकात फक्त "नैसर्गिक आणि कृत्रिम" एवढंच दिलंय.

ते चूक नाही पण अर्धवट आहे. पश्चिमेला खाड्या आत शिरलेल्या, म्हणून मुंबई, मुरगाव, कोचीनला आडोसा आयता मिळाला. पूर्वेला मोठ्या नद्यांचे त्रिभुज प्रदेश, सरळ रेतीचा किनारा, आणि लाटांबरोबर रेती सतत किनाऱ्याने सरकत असते. चेन्नईचं बंदर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उघड्या समुद्रात भिंती घालून बांधलं, तर ती सरकणारी रेती भिंतीला अडली, दक्षिणेला साठत गेली आणि मरीना बीच रुंद झाला, आणि उत्तरेकडच्या कोळीवस्त्यांचा किनारा मात्र समुद्र खात सुटला. म्हणजे एक बीच मिळाला आणि एक गेला. पूर्वेला अपवाद विशाखापट्टणमचा, तिथे डॉल्फिन्स नोज नावाची टेकडी समुद्रात घुसलीय आणि तिच्या आडोशाने १९३३ साली बंदर सुरू झालं.

पण धंद्याच्या दृष्टीने फरक मालाचा आहे. पश्चिमेला आखातातून येणारं कच्चं तेल (गुजरातेत सिक्का आणि वाडीनार) आणि डबे, कारण दिल्ली, पंजाब, राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र हा सगळा कारखान्यांचा पट्टा पाठीशी आहे आणि सुएझकडे जायचा रस्ताही याच बाजूने. पूर्वेला खाणी आणि पोलाद कारखाने पाठीशी, म्हणून खनिज बाहेर आणि ऑस्ट्रेलियाचा कोकिंग कोल (पोलादासाठी लागणारा कोळसा) आत. आणि एक गंमत जी फारशी कोणाला माहीत नसते: ओडिशातल्या तालचेरच्या खाणीतला कोळसा रेल्वेने पारादीपला येतो, तिथे जहाजात भरतात आणि तमिळनाडूच्या वीज केंद्रांसाठी एन्नोर, तूतुकुडीला उतरवतात. देशातलाच कोळसा, देशातच जातो, पण समुद्रमार्गे. पारादीपच्या आकड्यात याचा वाटा भरपूर आहे.

६. मुंबई पोर्ट आणि न्हावा शेवा एकच का? माझ्या कागदावर एकदा हे, एकदा ते येतं.

दोन वेगळी बंदरं, एकच खाडी. मुंबई पोर्ट ट्रस्ट १८७३ चा, शहराच्या पूर्व अंगाला गोद्या. न्हावा शेवा समोरच्या काठाला, उरण तालुक्यात, न्हावा आणि शेवा या गावांच्या नावावरून, २६ मे १९८९ ला सुरू झालं ते मुंबईवरचा भार कमी करायलाच. डबे जवळपास सगळे तिकडे गेले. मुंबईकडे आता कच्चं तेल आणि पेट्रोलियम (जवाहर द्वीप, पीर पाऊ), पोलाद, निर्यातीच्या गाड्या असा माल राहिलाय. इंदिरा डॉकला अजून लॉकगेट आहे, भरती-ओहोटीत आतलं पाणी धरून ठेवायला. जुन्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ ला दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेलं फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं होतं, अग्निशमन सप्ताह त्या तारखेपासून सुरू होतो तो म्हणूनच.

आणि हो, जेएनपीटी, जेएनपीए, न्हावा शेवा ही एकाच बंदराची नावं. २०२१ च्या कायद्याने ट्रस्टचं अथॉरिटी झालं, पण ट्रेलरवाल्यांसाठी ते अजूनही जेएनपीटीच. कोड चुकला तर काय होतं ते प्रश्न १४ मध्ये.

७. कोलकाता समुद्रापासून इतकं आत आहे, तिथे मोठी जहाजं जातात कशी?

मोठी जातच नाहीत. मेजर बंदरांत नदीवरचं हे एकटंच. हुगळीतून पायलट घेऊन दोनशेच्या वर किलोमीटर वर यायचं, वळणं, वाळूचे पट्टे, भरतीची वाट, मग लॉकगेटमधून डॉकमध्ये. गाळ हे कायमचं दुखणं. गाळ धुऊन निघावा म्हणून गंगेचं पाणी हुगळीत वळवायला फरक्का बराज बांधला, तो १९७५ ला सुरू झाला, तरी ड्रेजर काही थांबले नाहीत. म्हणून खाली, समुद्राच्या जवळ, हल्दिया उभं केलं. तिथेही खोल बुडणारी जहाजं नाही घेता येत, मग काही माल खोल पाण्यात उभ्या जहाजातून बार्जवर उतरवून आत आणतात किंवा जहाज आधी पारादीप, विशाखापट्टणमला थोडं हलकं करून मग इकडे. एवढा त्रास असूनही हे बंदर टिकून आहे कारण त्याच्या मागे अख्खा पूर्व भारत आहे, ईशान्य आहे, नेपाळ आणि भूतान आहे. नेपाळला स्वतःचा समुद्र नाही, त्यांचा माल कोलकाता, हल्दिया आणि आता विशाखापट्टणमहूनही रेल्वेने बीरगंजला जातो.

८. चेन्नईला आधीच बंदर होतं, मग शेजारी एन्नोर आणि त्याच्या शेजारी काट्टुपल्ली कशाला?

चेन्नई बंदर शहराच्या छातीवर बसलंय. कोळसा आणि लोहखनिजाची काळी धूळ वस्तीवर जायची, प्रकरण मद्रास हायकोर्टात गेलं आणि २०११ मध्ये तो माल तिथून बंद होऊन एन्नोरला हलला. एन्नोर मुळात वीज केंद्राच्या कोळशासाठीच, २००१ चं. काट्टुपल्ली खासगी, कंटेनरचं. तिघं पन्नास किलोमीटरच्या आत, पण एक मेजर अथॉरिटी, एक मेजर पण कंपनी, एक नॉन-मेजर.

ते "मेजर पण कंपनी" प्रकरण परीक्षेत हमखास येतं: १२ पैकी ११ बंदरांना २०२१ चा मेजर पोर्ट अथॉरिटीज अॅक्ट लागू, कामराजर कंपनी कायद्याखाली चालतं. सरकारीच आहे, फक्त रचना वेगळी.

९. कोकणाला एवढा मोठा किनारा असून मोठं बंदर का नाही? दाभोळ, चौल, विजयदुर्ग तर जुनी बंदरं ना.

हा प्रश्न रागात येतो बहुतेक, आणि राग मला समजतो. पण बंदर पाण्यावर कमी आणि मागच्या जमिनीवर जास्त चालतं. जहाजातून उतरलेला डबा जायचा कुठे? कोकणाच्या मागे सह्याद्रीची भिंत, घाटातून ट्रेलर चढवायचा म्हणजे डिझेल जळतं, टायर जळतात आणि ड्रायव्हरचं डोकं पण. जुन्या काळी गलबतं लहान होती, माल बैलांवर घाट चढायचा, तेव्हा दाभोळ चाललं. आता खाड्यांत गाळ भरलाय आणि जहाजं मात्र ४०० मीटर लांबीची झालीत. तरी जयगड खोल पाण्याचं आणि चांगलं चाललेलं आहे, दिघी आहे, धरमतरला बार्जने कोळसा-खनिज जातं. हे सगळं नॉन-मेजर, म्हणून यादीत दिसत नाही (प्रश्न २).

१०. वाढवणचं नक्की काय आहे?

पालघर जिल्ह्यात, डहाणूजवळ. केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन, अंदाजित खर्च ७६,२२० कोटी. जेएनपीएचे ७४ टक्के, महाराष्ट्र मेरिटाईम बोर्डाचे २६. जागा निवडायचं कारण एकच, किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली, म्हणजे सगळ्यात मोठी कंटेनर जहाजं थेट. न्हावा शेवाला चॅनल खोदून खोदून ठेवावा लागतो. त्यासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालायचाय, आणि तिथेच मच्छीमारांचा विरोध आहे, आजचा नाही, नव्वदच्या दशकापासूनचा. १९९८ ला डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाही म्हटलं होतं, २०२३ ला त्याच प्राधिकरणाने अटींवर हो म्हटलं. माझं स्वतःचं मत विचाराल तर खोली हवीच आहे यात शंका नाही, पण ज्याची जाळी तिथे पडतात त्याला "तुला रोजगार मिळेल" एवढं सांगून भागत नाही, तो आधीच रोजगारात आहे.

११. माझा माल नाशिक / सोलापूर / नागपूरहून निघतो. कुठलं बंदर घेऊ?

नाशिक, पुणे, सोलापूर, सांगली: डोळे झाकून न्हावा शेवा. कांदा हवा खेळणाऱ्या नाहीतर रीफर (थंड ठेवणाऱ्या) डब्यात, द्राक्षं रीफरमध्ये, आणि द्राक्षाचा सीझन असला की रीफरचे प्लग मिळायला मारामारी, त्यामुळे बुकिंग लवकर. कोल्हापूरकर विचारतात गोवा जवळ आहे, तिथून का नाही. नकाशात जवळ आहे हो, पण तुम्हाला हव्या त्या देशाचं जहाज तिथे किती दिवसांनी लागतं ते बघा. बंदर निवडताना किलोमीटर शेवटी, आधी जहाजाचं वेळापत्रक.

नागपूरचं खरंच अवघड आहे. न्हावा शेवा आणि विशाखापट्टणम दोन्ही लांब. युरोप, आखात, आफ्रिकेला जायचं तर पश्चिमेलाच या. सिंगापूर, व्हिएतनाम, चीनकडे जायचं तर विशाखापट्टणमचं भाडं मागवून बघायला हरकत नाही. दोन्हीकडे कस्टम नागपूरच्या आयसीडीतच (समुद्रापासून आत असलेला कंटेनर डेपो) उरकतं, डबा सील होऊन रेल्वेने निघतो. आणि उत्तरेतला कोणी असेल तर तो गुजरातकडे जातो कारण डेडिकेटेड फ्रेट कॉरिडॉरवर (फक्त मालगाड्यांसाठीची रेल्वे लाईन) मुंद्रा, पिपावावहून एकावर एक दोन डबे ठेवलेली गाडी धावते, न्हावा शेवाकडे येणारा वैतरणापासूनचा टप्पा सगळ्यात मागे राहिला आणि त्याची किंमत आम्ही करळ फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये भरली.

१२. डबा भारतातून निघाला तरी ट्रॅकिंगमध्ये कोलंबो का दाखवतंय? चुकीच्या जहाजात गेला का?

घाबरू नका. याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. लहान फीडर जहाज तूतुकुडी किंवा कोलकात्याहून डबे उचलतं, कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला उतरवतं, तिथून मदर व्हेसल, म्हणजे लांबच्या मार्गाचं मोठं जहाज. भारताचा ट्रान्सशिपमेंटचा सुमारे ७५ टक्के माल असा परदेशी बंदरांत हाताळला जातो असं सरकारच सांगतं. कारण सरळ आहे, कोलंबो पूर्व-पश्चिम मुख्य जलमार्गाला लागून आहे, मोठं जहाज वाट वाकडी करून आत येत नाही. कोचीनला वल्लारपाडम टर्मिनल २०११ ला याचसाठी सुरू केलं, ते अपेक्षेएवढं जमलं नाही. आता केरळातलंच विझिंजम, तिरुवनंतपुरमच्या खाली, जलमार्गापासून साधारण १० सागरी मैल, खोल पाणी, पहिलं मदर व्हेसल जुलै २०२४ ला लागलं आणि २ मे २०२५ ला रीतसर उद्घाटन. तेही नॉन-मेजर बरं का.

१३. एका भारतीय बंदरातून दुसऱ्या भारतीय बंदरात माल परदेशी जहाजाने नेता येतो का?

सरसकट नाही. याला कॅबोटाज म्हणतात, किनारी वाहतूक भारतीय झेंड्याच्या जहाजाने करायची, परदेशी जहाज हवं तर डीजी शिपिंगचं (केंद्राचं जहाज वाहतूक खातं) लायसन्स. अपवाद मे २०१८ चा: आयात-निर्यातीचे डबे ट्रान्सशिपमेंटसाठी आणि रिकामे डबे परदेशी जहाज लायसन्सशिवाय नेऊ शकतं. म्हणजे प्रश्न ५ मधला कोळसा या सवलतीत बसत नाही, पण चेन्नईचा निर्यातीचा डबा विझिंजमला बदलायचा तर चालतं.

१४. पोर्ट कोडमध्ये तो शेवटचा १, ४, ६ काय असतो?

१ म्हणजे समुद्र, ४ विमान, ६ आयसीडी. न्हावा शेवा आयएनएनएसए१, मुंबई समुद्र आयएनबीओएम१, मुंबई विमानतळ आयएनबीओएम४. कांडल्याचा आयएनआयएक्सवाय बघून लोक म्हणतात टायपिंग चुकलं, नाही चुकलं, ती कांडला विमानतळाचीच अक्षरं आहेत. नवीन निर्यातदार हमखास "मुंबई" बघून बीओएम१ टाकतात आणि डबा निघालेला असतो उरणला. दुसरी चूक, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) एका पोर्टला नोंदवलेला आणि माल दुसरीकडून, मग शिपिंग बिल (कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद) अडकतं. डबा भरायच्या आधी सीएचएला (कस्टमचं काम करून देणारा एजंट) हे दोन प्रश्न विचारा: कोड कोणता, एडी कोड तिथे आहे का.

१५. डिमरेज आणि डिटेंशन एकच ना?

दोन्ही खिशातूनच जातात, पण वेगळे. ढोबळमानाने डबा बंदराच्या किंवा सीएफएसच्या (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम) आवारात मुदतीपेक्षा जास्त पडला तर डिमरेज किंवा ग्राउंड रेंट. डबा बाहेर नेला आणि रिकामा करून वेळेत परत दिला नाही तर शिपिंग लाईनचं डिटेंशन. बिलावरचं नाव लाईनप्रमाणे बदलतं, म्हणून नाव सोडा, "किती दिवस फ्री, कुठून कुठपर्यंत" ते मेलवर लिहून घ्या. माझ्या पहिल्या वर्षी एका पार्टीच्या बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, शिपिंग लाईनची मालाची पावती) कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलं होतं, दुरुस्ती मागितली शुक्रवारी दुपारी, लाईनचं ऑफिस उघडलं सोमवारी, मंगळवारी सुट्टी निघाली, आणि बुधवारी जे बिल आलं ते बघून मालक पाच मिनिटं बोललेच नाहीत. तेव्हापासून बीएलचा ड्राफ्ट मी बोट ठेवून वाचतो, अक्षर अक्षर.

१६. पावसाळ्यात बंदरं बंद असतात का?

मोठी बाराही महिने चालू. बंद होतात ती कोकण-गुजरातची लहान बंदरं, शिडाच्या आणि यांत्रिक गलबतांची. वादळ आलं तर वेगळं, बंदरावर सिग्नल चढतात, १ ते ११ नंबर, ३ नंबरचा बावटा बातम्यांत ऐकला असेल. मोठं चक्रीवादळ असलं की धक्क्याला बांधलेली जहाजं उलट बाहेर खोल समुद्रात पाठवतात, लोकांना हे विचित्र वाटतं, पण धक्क्यावर आपटण्यापेक्षा बाहेर डोललेलं बरं. जून १९९८ ला कांडल्याला आणि ऑक्टोबर १९९९ ला पारादीपला काय झालं ते जुन्या माणसांना विचारा.

१७. बंदर आतून बघता येतं का? मुलांना दाखवायचंय.

कंटेनर टर्मिनलमध्ये असंच नाही सोडत, सुरक्षेचे नियम कडक आहेत, पास लागतो आणि पासला कारण. पण गेटवेवरून घारापुरीची लाँच पकडा, वरच्या डेकवर बसा. वाटेत नांगर टाकून उभी असलेली जहाजं, जवाहर द्वीपला लागलेले तेलाचे टँकर, आणि पलीकडे न्हावा शेवाच्या क्रेन रांगेत दिसतात. क्रेनचा दांडा वर असेल तर खाली जहाज नाही, आडवा पाण्यावर आलेला असेल तर काम चालू आहे. मुलांना मोजायला लावा.